भयपटात कॅमेरा कुठे ठेवायचा: राजांगणाच्या घरातला एक सीन, शॉटनुसार

भयपटाचा सीन लावताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न असा: प्रेक्षकाला हे घर पाठ झालंय का? दार कुठे, खिडकी कुठे, आतल्या खोलीतून बाहेर यायची वाट कुठून, हे त्याला नकळत कळलेलं असेल तरच कॅमेरा पुढे त्याला घाबरवू शकतो. ओळखीच्या जागेत एखादी गोष्ट नको तिथे दिसली, किंवा ज्या कोपऱ्यावर लक्ष ठेवायला हवं तोच कोपरा फ्रेमबाहेर राहिला, की भीती सुरू होते. हौशी लघुपट बहुतेक वेळा उलट टोकाने सुरुवात करतात. पहिल्याच मिनिटाला क्लोज-अप, हलता कॅमेरा, वाकडी फ्रेम आणि वर कर्कश संगीत. प्रेक्षक दचकतो, पण घाबरत नाही, कारण आपण कुठे उभे आहोत हेच त्याला ठाऊक नसतं.

सगळं एकाच सीनवर समजून घेऊ. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचं जुनं घर, मधे राजांगण, म्हणजे वरून उघडा चौक, चारही बाजूंनी ओसरी. आषाढातली रात्र, धो धो पाऊस. घरधनी पणजीला गेलेला आणि त्याची फेरीबोट चुकलेली. घरात सुमन आणि तिच्या सासूबाई, वयाने थकलेल्या पण हिंडत्याफिरत्या. सुमन स्वयंपाकघरात असताना पलीकडच्या ओसरीतला झोपाळा करकरू लागतो. ती दारात येऊन बघते तर झोपाळ्यावर पाठमोऱ्या सासूबाई. आणि तेवढ्यात सासूबाईंचा आवाज त्यांच्या खोलीतून येतो.

आधी नकाशा

रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला, दिवसा जा आणि घराचा आराखडा कागदावर काढा, मापांसकट. आपल्या सीनमध्ये सासूबाईंची खोली आणि स्वयंपाकघर एका बाजूला, शेजारी शेजारी. झोपाळा बरोबर समोरच्या बाजूला. खोलीतून झोपाळ्याकडे जायला ओसरीच्या दोन वाटा असतात. त्यातली एक बंद करा. पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून चुडतांचे, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे, झाप बांधतात, तसे एका बाजूला बांधून टाकले की काम झालं. आता उरलेली एकच वाट स्वयंपाकघराच्या दारासमोरून जाते. म्हणजे सासूबाई झोपाळ्यावर जाऊन बसल्या असतील तर सुमनच्या समोरूनच गेल्या असणार. हे कुणी बोलून दाखवायचं नाही. शॉट्सनी ते प्रेक्षकाच्या डोक्यात बसवायचं.

आराखड्यावर कॅमेऱ्याच्या जागा टिंबांनी दाखवा आणि सुमन ते झोपाळा अशी एक रेघ ओढा. ही तुमची १८० अंशांची रेषा, म्हणजे कॅमेऱ्याने ओलांडायची नाही अशी सीमा. सगळी टिंबं तिच्या एकाच बाजूला हवीत. ही शिस्त भयपटात इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त लागते. रेषा चुकून ओलांडली की डावं उजवं बदलतं, घराचा नकाशा पुसला जातो आणि त्याबरोबर भीतीही जाते.

लेन्सचा हिशोब

फुलफ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एक सोपा हिशोब पाठ करून ठेवा. ३५ मिमी लेन्स असेल तर समोरच्या फ्रेमची रुंदी साधारण अंतराइतकीच येते: ३ मीटरवरून ३ मीटर रुंदी. २४ मिमीवर अंतराच्या दीडपट, ५० मिमीवर अंतराच्या पाऊणपटीला थोडी कमी, ८५ मिमीवर चाळीस टक्क्यांच्या आसपास. जुन्या घरांच्या खोल्या वाटतात तेवढ्या मोठ्या नसतात. हा हिशोब घरीच केला तर शूटच्या दिवशी भिंतीला पाठ लावून उभं राहण्याची वेळ येत नाही. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या जवळपास दिसतो, दोनपट झूम केला की ५०च्या आसपास.

वाइड लेन्सने चेहरा जवळून घेतला की नाक पुढे येतं, कान मागे जातात, माणूस विचित्र दिसतो. ज्याच्यावर संशय यावा त्याच्यासाठी ते चालेल. जिच्यासोबत प्रेक्षकाने घाबरायचं आहे त्या सुमनसाठी ते वापरू नका. तिचे क्लोज-अप ५० किंवा ८५वरच घ्या.

कॅमेऱ्याची उंची

हा भाग सगळ्यात दुर्लक्षित. ट्रायपॉड उघडला की कॅमेरा उभ्या माणसाच्या छातीपाशी येतो आणि आख्खा चित्रपट त्याच उंचीवरून शूट होतो. प्रत्येक शॉटला उंची ठरवून लिहा.

डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे उभ्या व्यक्तीसाठी १५० सेंटिमीटरच्या आसपास, कॅमेरा तटस्थ असतो. रोजचं घर दाखवायला हीच उंची. जमिनीपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर आला की आढं, वासे आणि कौलं फ्रेममध्ये येतात, दारं उंच होतात आणि आपण घरातल्या कुठल्यातरी आडव्या, लपलेल्या नजरेतून बघतोय असं वाटतं. 'द शायनिंग' (१९८०) मध्ये तिचाकी सायकलवरच्या मुलामागे स्टेडिकॅम (अंगावर बांधून चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं साधन) जमिनीलगत पळवला आहे, तो परिणाम याच उंचीचा. इथल्या घरांत उंच उंबरठा असतो. कॅमेरा उंबरठ्यामागे जमिनीवर ठेवला तर फ्रेमचा खालचा भाग लाकडाने झाकला जातो आणि चालणाऱ्याची पावलं दिसत नाहीत. कोण आलं हे पावलांवरून ओळखण्याची सोय आपोआप काढून घेतली जाते.

वरून घेतलेला शॉट माणसाला लहान, एकटं करतो. त्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे: चेहरा लपवणं. 'सायको' (१९६०) मध्ये जिन्यावरच्या खुनाच्या वेळी हिचकॉकने कॅमेरा थेट डोक्यावर नेला, कारण मारेकऱ्याचा चेहरा दाखवायचा नव्हता आणि तो मुद्दाम लपवलाय असंही वाटू द्यायचं नव्हतं. लपवायला नेहमी असं निमित्त शोधा. विनाकारण कापलेली फ्रेम प्रेक्षकाला लगेच कळते.

सीन, शॉटनुसार

शॉट १. मास्टर, म्हणजे सगळी जागा एकत्र दाखवणारी फ्रेम. २४ मिमी, ओसरीच्या कोपऱ्यातून, उंची १२० सेंटिमीटर, ट्रायपॉडवर, अजिबात न हलता. फ्रेममध्ये तीन गोष्टी हव्यात: स्वयंपाकघराचं दार, सासूबाईंचं दार आणि झोपाळा. सुमन पेजेचं ताट घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जाते. १० ते १२ सेकंद. झोपाळा स्थिर. इथे काहीही भीतीदायक करू नका. ट्रायपॉडच्या पायांभोवती जमिनीवर टेपच्या खुणा करा, कॅमेऱ्याची उंची आणि झुकाव लिहून ठेवा. हीच फ्रेम पुन्हा दोनदा लागणार आहे आणि ती बोटभरही सरकता कामा नये.

शॉट २. सासूबाईंची खोली. ३५ मिमी, उंची ७० सेंटिमीटर, पलंगाच्या पातळीला. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. पाठ, पांढरा अंबाडा, खांद्यावरची शाल. "दार लावून घे गो, वारा येतो." चेहरा दाखवू नका. प्रेक्षकाने पाठमोरी आकृती लक्षात ठेवायची आहे. ७-८ सेकंद पुरेत.

शॉट ३. पुन्हा शॉट १ची फ्रेम. सुमन दार ओढून घेते आणि स्वयंपाकघरात परतते. झोपाळा अजून स्थिर. ५ सेकंद. हा शॉट संपादनात कापावासा वाटेल. कापू नका. दोनदा पाहिलेली फ्रेम ओळखीची होते, आणि तिसऱ्या वेळी तिच्यातला बदल डोळा स्वतः शोधतो.

शॉट ४. सीनचा कणा. ५० मिमी, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ २ इतकं मोठं, सुमनपासून २ मीटर, उंची १४०. सुमन फ्रेमच्या उजव्या तिसऱ्या भागात, ओट्यापाशी, दाराकडे पाठ. डावीकडचा दोन तृतीयांश भाग तिच्यामागचं उघडं दार, अंधार, पाऊस आणि त्यापलीकडे झोपाळा. या मांडणीत साधारण २० सेंटिमीटर एवढीच खोली स्पष्ट फोकसमध्ये राहते, म्हणजे तिचा चेहरा आणि फारतर हात. मागचं सगळं धूसर: आकार कळतो, चेहरा कळत नाही. निदान २० सेकंद चालू द्या. बाराव्या सेकंदाच्या सुमारास मागे झोपाळ्याच्या कड्या हलू लागतात. आवाज अजून नाही, नुसता पाऊस. फोकस तिच्यावरच ठेवा. कॅमेरामनला मागे फोकस नेण्याचा मोह होतो आणि तिथेच सीन मरतो, कारण मग 'इकडे बघा' असं आपणच सांगितल्यासारखं होतं. काही प्रेक्षकांच्या लक्षात येईल, काहींच्या नाही. ज्यांच्या येईल ते जागच्या जागी ताठ होतील.

इथे हमखास बिघडते ती पार्श्वभूमी. दार पूर्ण काळं झालं तर मागे बघायला काहीच उरत नाही. फार उजळलं तर झोपाळ्यामागचा माणूस दिसतो. झोपाळा पातळ काळ्या दोरीने बाजूच्या खांबाआडून ओढा आणि मागच्या भिंतीवर एक अगदी मंद दिवा सोडा, कड्यांची रेषा त्यावर काळी उमटेल इतकाच.

शॉट ५. ८५ मिमी, सुमनचा बाजूने क्लोज-अप, डोळ्यांच्या पातळीवर. आता करकर ऐकू येते. हात थांबतो. ४ सेकंद. तिला मान वळवू देऊ नका. नटीला सांगा, फक्त श्वास धर.

शॉट ६. तिच्या नजरेतून दार. ३५ मिमी, उंची १५०, स्थिर. दारातून ओसरी आणि पाऊस दिसतो, झोपाळा चौकटीच्या आड गेलेला. ३ सेकंद. शॉट ४ मध्ये झोपाळा दिसत होता आणि इथे दिसत नाही, हे पटण्यासाठी कॅमेऱ्याची जागा खरोखर सुमनच्या उभं राहण्याच्या जागी हवी. अंदाजाने ठेवली तर दोन्ही शॉट जुळत नाहीत.

शॉट ७. तिच्यामागून. ३५ मिमी, हातात किंवा गिम्बलवर (हातात धरायचं, हादरे शोषणारं साधन), डोक्यापासून ७० सेंटिमीटर मागे. ती उंबरठ्याकडे चालते, कॅमेरा तिच्याच वेगाने. एवढ्या अंतरावरून तिचं डोकं फ्रेमच्या रुंदीचा पाव भाग व्यापतं, आणि कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर असलेल्या झोपाळ्याचा सव्वा मीटरभर भाग झाकून टाकतं. बसलेला माणूस त्यामागे पूर्ण लपतो. ती थांबते, कॅमेराही थांबतो. तिला दिसतंय, आपल्याला नाही. इथे ३-४ सेकंद धरा. अंतर मीटरभर झालं तर डोकं लहान पडतं आणि आकृती बाजूने डोकावते, म्हणून गिम्बलवाल्याच्या कमरेला आणि नटीच्या पदराला मोजलेली दोरी बांधून तालीम करा.

शॉट ८. तिसऱ्यांदा शॉट १ची फ्रेम. सुमन दारात. समोर झोपाळ्यावर पाठमोरी आकृती, अंबाडा, शाल, संथ झोका. ७ मीटरवरून २४ मिमीवर बसलेली आकृती फ्रेमच्या उंचीच्या जेमतेम पाचव्या भागाएवढी दिसते. एवढीच राहू द्या. क्लोज-अपला जायचं नाही. प्रेक्षकाला आधी जरा हायसं वाटतं: सासूबाईच आहेत. मग प्रश्न पडतो: गेल्या कधी? ६ सेकंदांनी बंद दाराआडून आवाज: "सुमन, झोपाळ्यावर कोण गो?"

शॉट ९. सुमनचा चेहरा, समोरून, ५० मिमी. ६० सेंटिमीटरच्या स्लायडरवर २० सेकंदांत कॅमेरा तिच्याकडे सरकतो, म्हणजे सेकंदाला ३ सेंटिमीटर. हालचाल जाणवू नये, पण शेवटी चेहरा मोठा झालेला असावा. रेषा ओलांडायचीच असेल तर इथे, आवाजानंतर, एकदाच. कुठली बाजू सुरक्षित हे तिलाही कळेनासं झालंय, त्यामुळे तो गोंधळ अर्थाला धरून राहतो. तिच्या डोळ्यांची हालचाल झोपाळ्याकडून खोलीच्या दाराकडे. मागे वळायच्या आत कट.

हालचालींचे बाकी प्रकार

हा सीन जवळजवळ स्थिर कॅमेऱ्यावर उभा आहे आणि भयपटात तेच जास्त चालतं, असं आमचं मत आहे. हलत्या कॅमेऱ्याला मालक लागतो: कोण हलतंय? 'द इव्हिल डेड' (१९८१) मध्ये लाकडी फळीवर कॅमेरा बांधून दोघांनी ती धरून जंगलातून धाव घेतली होती. तिथे हलणारी नजर त्या अदृश्य शक्तीचीच आहे, म्हणून ते शोभतं. मालक ठरवला नसेल तर कॅमेरा हलवू नका.

डॉली झूम, म्हणजे कॅमेरा मागे नेत त्याच वेळी झूम करायचा, माणूस तेवढाच राहतो आणि मागची जागा बदलते. 'व्हर्टिगो'मुळे (१९५८) प्रसिद्ध झालेला हा शॉट करायचा तर गणित सोपं आहे. लेन्सचे मिमी भागिले अंतर ही संख्या शॉटभर तीच राहिली पाहिजे. १.२ मीटरवर २४ मिमीने सुरुवात केली तर १.८ मीटरवर ३६, २.४वर ४८, ३ मीटरवर ६० आणि ३.५वर ७०. झूमच्या रिंगवर टेप लावून हे आकडे ठळक करा, ट्रॅकवरही त्याच खुणा करा; एकाने ट्रॉली ओढायची, दुसऱ्याने रिंग फिरवायची. ४-५ सेकंदांपेक्षा लांबवू नका. दोघांचा ताल जमत नसेल तर फोर-केमध्ये २४ मिमीवर १.२ ते २.४ मीटर मागे या आणि दुपटीपर्यंतचा झूम संपादनात करा. फिल्म एचडीत काढायची असेल तर दर्जा टिकतो. एका चित्रपटात एकदाच.

वाकडी फ्रेम ५ ते १० अंशांत ठेवा. जास्त झाली की लोक माना तिरक्या करून बघतात. खांब, चौकटी आणि वासे यांच्या सरळ रेषांनी भरलेल्या घरात ५ अंशही पुरतात.

उजेड, पाऊस, दमट हवा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेमवर शटर १/५० सेकंद ठेवा. १/६० ठेवलं की घरातल्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. पाऊस समोरच्या दिव्यात दिसत नाही. दिवा पावसाच्या मागे, कॅमेऱ्याच्या दिशेने आणि फ्रेमबाहेर ठेवला तरच धारा चमकतात. तो दिवा आणि त्याची वायर ओसरीच्या आत, कोरड्यात ठेवा. पाण्याजवळ वीज असेल तिथे ईएलसीबीशिवाय (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय) काम करू नका.

जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या तावदानांचा उपयोग जरूर करा. काचेपेक्षा ती दुधी असतात, आरपार दिसत नाही, पण मागून दिवा लावला तर पलीकडच्या माणसाची छाया उमटते. माणूस तावदानाला चिकटून असेल तर कडा ठळक, फूट दोन फूट मागे गेला की विरघळते. हा फरक वापरून छाया 'जवळ येते' असं दाखवता येतं, कॅमेरा जराही न हलवता.

एसी गाडीतून कॅमेरा थेट पावसाळी हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते. अर्धा तास बंद बॅगेतच बाहेरच्या हवेत राहू द्या. पुसत बसलात तर पुन्हा धरते आणि वर ओरखडे येतात.

गावात शूट करताना

गोव्यात चित्रीकरणाच्या परवानगीचं काम एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा पाहते. जुन्या गोव्यातल्या संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व खात्याची आणि अभयारण्यासाठी वन खात्याची परवानगी वेगळी. अर्ज शूटच्या बरेच दिवस आधी करा.

देवचार दाखवायचा विचार असेल तर एवढं ध्यानात घ्या की गावकऱ्यांसाठी तो राखणदार आहे. हातात दांडा आणि पेटती चूड घेऊन तो रात्री गावाच्या सीमेवर फिरतो, अशी श्रद्धा. त्याला अक्राळविक्राळ चेहरा देऊन क्लोज-अप घेणं चुकीचं, आणि सिनेमाच्या दृष्टीनेही कमकुवत. खाजन शेताच्या (खाडीकाठच्या सखल शेताच्या) बांधापलीकडे, अतिदूर शॉटमध्ये, ८५ मिमीवर एकच हलता उजेड घ्या. ८५वर अंतरं दबतात, त्यामुळे चालणारा जवळ येतोय की लांब जातोय ते लवकर कळत नाही. घुमटीजवळ, म्हणजे छोट्या देवळीजवळ, शूट करायचं तर आधी गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

संपादनात

पहिला कट आवाजाशिवाय बघा. शॉट ८ आला की बघणाऱ्याची नजर आपण न सांगता झोपाळ्याकडे गेली पाहिजे. नाही गेली तर दोष बहुधा शॉट १ आणि ३ मध्ये असतो: ते आखूड कापलेत किंवा फ्रेम जुळलेली नाही. मग एकाच प्रश्नावर चाचणी करा. ज्याने स्क्रिप्ट वाचलेली नाही अशा माणसाला शॉट ४पर्यंतच दाखवा आणि घराचा नकाशा काढायला सांगा. झोपाळा आणि सासूबाईंची खोली योग्य बाजूंना काढली तर पुढचं काम करेल. नाही काढली तर मास्टर दोन-तीन सेकंदांनी वाढवा आणि दुसऱ्या माणसाला दाखवा. पहिल्याला आता घर ठाऊक झालेलं असतं.

रंग ठरवताना लॅपटॉपवर विसंबू नका. शॉट ४ मधल्या कड्या चांगल्या स्क्रीनवर दिसतात आणि फोनवर, खोलीत दिवा चालू असताना, पार गडप होतात. बरेच लोक फोनवरच बघणार आहेत. फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून कड्यांची हालचाल नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईल इतपतच त्या भागातला काळा उजळा, आणि मग मोठ्या पडद्यावर पुन्हा तपासा की दोरी ओढणाऱ्याचा हात उजळून आलेला नाही.